दुधाचं माप होतं, मग शेणाचं का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खरीप तोंडावर आला की डीएपी या रासायनिक खतासाठी लागलेल्या रांगांच्या आणि खताच्या पोत्याबरोबर नको असलेल्या द्रवखताची बाटली गळ्यात मारल्याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात येतात. त्या खऱ्याच असतात. पण त्याच गावांत, त्याच दिवसांत गोठ्यामागच्या उकिरड्यातून किती खत वाहून जातं, त्याची बातमी होत नाही. म्हणून हे पत्र.

मी वाळवा तालुक्यातली दूध उत्पादक. संकरित गाय दिवसाला दहा-बारा लिटर दूध देते आणि पंधरा-वीस किलो शेण टाकते. दूध डेअरीत गेलं की फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) दशांशापर्यंत मोजलं जातं, पावती मिळते. शेण घमेल्यात भरून उकिरड्यावर पडतं. मे महिन्यात ऊन लागलं की त्यातला नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन उडतो. नाकाला झोंबणारा वास त्याचाच. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की ढिगाखालून तांबूस-काळं पाणी गटारात आणि गटारातून ओढ्यात उतरतं. त्यात पालाश (पोटॅश) जातो, उरलासुरला नत्रही जातो. मूत्राची गत याहून वाईट. जनावर जो नत्र बाहेर टाकतं, त्यातला निम्म्याच्या आसपास मूत्रात असतो आणि बहुतेक गोठ्यांत तो जमिनीत मुरून जातो. गोठ्याला कोबा, कोब्याला थोडा उतार आणि शेवटी एक झाकलेला खड्डा, एवढं केलं तरी तो हाती लागतो.

ही नासाडी एका घरची नाही. 2019च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे 1 कोटी 40 लाख गायी-बैल आणि 56 लाख म्हशी आहेत.

उकिरड्यातलं अर्धकच्चं शेण शेतात गेलं तर वेगळंच संकट. आमच्या भागात उसाला हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, किती छळते, हे सांगायला नको. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि मग मादी जमिनीत अंडी घालते. न कुजलेलं शेणखत हे त्यांचं आवडतं ठिकाण. अळ्या सुरुवातीला त्यातल्या सेंद्रिय पदार्थांवर जगतात, मग उसाच्या मुळांना लागतात. म्हणजे खत म्हणून टाकलं आणि कीड पोसली.

यावर उपाय नवा नाही. चार-पाच जनावरांच्या घराला दोन घनमीटरचा गोबरगॅस पुरतो. रोज 50 किलो शेण, तेवढंच पाणी, नीट कालवून आत सोडायचं. एक घनमीटर वायू साधारण 0.43 किलो सिलिंडरच्या गॅसइतकं काम देतो. थंडीत वायू कमी मिळतो, हेही खरं. पण एरवी घरचा स्वयंपाक त्यावर होतो. खरी दौलत मात्र वायू निघाल्यावर बाहेर येणाऱ्या रबडीत, म्हणजे शेणाच्या पातळ काल्यात. नत्र तिच्यात शाबूत राहतो, शेणाचा वास जातो, तणाचं बी बरंचसं मरतं.

मग गावोगाव बंद पडलेले, घुमटावर गवत उगवलेले गोबरगॅस का दिसतात? अनुदान बांधकामाला मिळतं आणि फोटो काढला की विषय संपतो, हे एक कारण. शेण न गाळता टाकल्याने माती आणि काडीकचरा तळाशी साचतो, तो उपसायला माणूस मिळत नाही, हे दुसरं. पण माझ्या मते मुख्य कारण रबडी उचलण्याचं आहे. रोज शंभर लिटरच्या आसपास रबडी बाहेर येते आणि त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. ती बादलीने शेतात न्यायचं काम घरच्या बाईवर पडतं. पावसाळ्यात शेतात पाऊल ठेवता येत नाही, खड्डा तुडुंब भरतो, आणि एक दिवस शेण आत टाकणंच थांबतं. ज्यांचा गोठा मोठा आणि रान अर्धा एकर, त्यांना तर रबडी जिरवायला जागाच नाही.

शेणाला गिऱ्हाईक नाही असं कुणी म्हणू नये. उसाच्या लावणीआधी धनगरांच्या मेंढ्या लेंडीखतासाठी रानात बसवायला आपण पैसे देतो, धान्य देतो. शेणखताची ट्रॉली हजारो रुपये मोजून घेतो. कमी आहे ती फक्त व्यवस्था.

गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या झकरियापुरा गावात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ती उभी करून दाखवली आहे. घरोघरी छोटे बायोगॅस आहेत, शेताला लागेल तेवढी रबडी घरात राहते, उरलेली विकत घेतली जाते आणि तिच्यापासून सेंद्रिय खतं बनतात. पैसे बायकांच्या हातात येतात. सहकार तर आपल्याकडेही आहे. पहाटे-संध्याकाळ गल्लीबोळातून दूध गोळा करणाऱ्या संस्थांना आठवड्यातून एकदा रबडीचा टँकर फिरवणं अशक्य आहे का? रबडीतलं घन पदार्थाचं प्रमाण तपासून दर ठरवता येईल, त्यामुळे पाणी घालून फसवण्याचाही प्रश्न उरणार नाही. केंद्र सरकारने 2023मध्ये अशा सेंद्रिय खताच्या विक्रीला टनामागे 1500 रुपये विपणन साहाय्य मंजूर केलं. पण ते बायोगॅस प्रकल्पांच्या खतासाठी आहे. चार जनावरांचं घर तिथवर एकट्याने पोचणार नाही, संस्थेमार्फतच पोचू शकेल.

ज्यांच्याकडे एक-दोनच जनावरं आहेत, त्यांना गोबरगॅस परवडणार नाही. त्यांनी पुसदचे शेतकरी नारायण पांढरीपांडे ऊर्फ नाडेपकाका यांची कंपोस्ट खताची पद्धत वापरावी. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं भोकं ठेवून बांधलेलं विटांचं टाकं, त्यात शेण जेमतेम शंभर किलो, बाकी पालापाचोळा आणि माती. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं.

दूध संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होतात. आपल्या वाचकांत माझ्यासारखे अनेक सभासद असतील. रबडी संकलनाचा विषय सभेपुढे घ्यावा, असं त्यांनी आपापल्या संस्थेला आधीच लेखी कळवावं. मी माझ्या संस्थेला तसं पत्र देत आहे.

आपली,
एक दूध उत्पादक शेतकरी महिला
ता. वाळवा, जि. सांगली