पट कुणी मोजायचा?

ओटावा,
फेब्रुवारी

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र मिळालं. पट वीसच्या खाली गेला म्हणून तुझी मराठी शाळा शेजारच्या गावात विलीन करायचं घाटतंय, हे वाचल्यापासून जिवाला चैन नाही. कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या पावसात पहिलीतली पोरं रोज एवढं अंतर कशी जातील? तू विचारलंस, तिकडे कॅनडात फ्रेंच लोकांच्या शाळा सरकारीच ना, मग त्या कशा टिकल्या? सविस्तर लिहिते, कारण यातलं बरंच तुझ्या कामाचं आहे.

ओटावा ज्या राज्यात आहे त्या ओंटारियोत फ्रेंच मायबोली असलेले शंभरात जेमतेम चार. नदी ओलांडली की क्यूबेक, तिथे सगळं राज्यच फ्रेंच. नदीच्या या बाजूला मात्र ही माणसं अल्पसंख्य. बेळगावकडच्या आपल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको. 1912 मध्ये ओंटारियो सरकारने सतरा नंबरचा नियम काढला: पहिली दोन वर्षं सोडली तर शाळेत फ्रेंचमधून शिकवायचं नाही. पुढच्या वर्षी दिवसाला एक तास फ्रेंचची सवलत दिली, तीही मोजूनमापून.

इथल्या लोअर टाउन भागात गीग नावाची शाळा होती. बेआत्रीस आणि दियान देलोज या दोन बहिणी तिथे शिकवायच्या. त्यांनी नियम धुडकावला आणि फ्रेंचमधूनच शिकवत राहिल्या. त्यांना शाळेबाहेर काढलं तेव्हा मुलंही त्यांच्यामागे गेली आणि रिकाम्या दुकानांत वर्ग भरू लागले. 1916 च्या जानेवारीत आयांनी शाळेचा ताबा घेतला, बहिणींना परत वर्गावर उभं केलं आणि दारं अडवून पहारा दिला. ओटावाची जानेवारी म्हणजे हाडं गोठवणारी थंडी गं. पोलीस आले तर त्यांना अडवायला या आयांच्या हातात काय होतं? टोपीला लावायच्या लांब पिना, लाटणी, तवे. ती इमारत मरे स्ट्रीटवर अजून उभी आहे, आत आता फ्लॅट झालेत. तिथून जाताना मला त्या बायांचा फार अभिमान वाटतो.

कोर्टाने मात्र त्यांना हात दिला नाही. त्याच वर्षी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टाने, सांगितलं की कॅनडाच्या 1867 च्या घटनेत शाळांना जे संरक्षण आहे ते धर्माच्या नावाने आहे, भाषेच्या नाही. नियम 1927 नंतर बाजूला पडला, 1944 मध्ये संपला. 2016 मध्ये ओंटारियोच्या तेव्हाच्या प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) कॅथलीन विन यांनी विधानसभेत जाहीर माफी मागितली.

पण तोवर घराघरांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीचे आजोबा त्या नियमाच्या काळात शाळेत होते. पुढे त्यांनी आपल्या मुलांशी घरात इंग्रजीच धरली, पोरांना त्रास नको म्हणून. तिला स्वतःला फ्रेंच येत नाही. आणि सरळ हक्काने फ्रेंच शाळेत मूल घालायचं तर आईबापांपैकी एकाची तरी पहिली भाषा फ्रेंच हवी आणि ती अजून समजायला हवी, किंवा त्यांचं किंवा एखाद्या मुलाचं शिक्षण कॅनडात फ्रेंचमधून झालेलं हवं. तिच्यापाशी यातलं काहीच नव्हतं. प्रवेश समितीपुढे जाऊन आजोबांचा दाखला देत तिने लेकाला प्रवेश मिळवला. आता तो पोरगा घरी येऊन तिला फ्रेंच शिकवतो.

हा हक्क कॅनडाच्या 1982 च्या अधिकार सनदेत आला, कलम 23. सरकारी खर्चाने शाळा, पण ‘पुरेशी संख्या असेल तिथे’ अशी अट आहे. म्हणजे तुझाच प्रश्न, पटाचा! त्यावर अल्बर्टा राज्यातल्या एडमंटनच्या तीन पालकांनी सुप्रीम कोर्टापर्यंत लढा दिला. माए खटला म्हणतात त्याला, निकाल 1990 चा. कोर्ट म्हणालं, आज दारात उभी असलेली मुलंच मोजायची नाहीत; शाळा झाली तर येऊ शकतील अशीही हिशेबात धरायची. आणि संख्या पुरेशी असेल तर शाळेचा कारभारही त्या समाजाच्या हाती द्यायचा. दुसरं मला पहिल्याहून मोठं वाटतं. त्यातूनच पुढे ओंटारियोत 1998 पासून 12 फ्रेंच शाळा मंडळं आली. पैसा सरकारचा, पण मंडळाचे सदस्य फ्रेंच समाजच मत देऊन निवडतो.

समरसाइडचा खटला तर तू नीट वाचच. प्रिन्स एडवर्ड आयलंड या कॅनडाच्या छोट्या राज्यातलं छोटं शहर. 49 मुलांसाठी शाळा मागितली होती. मंत्र्यांनी नकार दिला: मुलं थोडी आहेत, बसने दुसऱ्या गावच्या फ्रेंच शाळेत पाठवा. 2000 साली सुप्रीम कोर्टाने तो नकार चुकीचा ठरवला. शाळा कुठे असावी हे फ्रेंच मंडळाने ठरवायचं होतं, मंत्र्याने नव्हे; आणि लहान मुलांच्या लांबच्या प्रवासाने समाजाची भाषा सुटत जाते, हेही कोर्टाने ध्यानात घेतलं.

आपल्या घटनेत 350-अ आहे, 1956 पासून. पण त्यात राज्याने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्यासाठी ‘प्रयत्न’ करावा एवढंच म्हटलंय. कलम 30 अल्पसंख्य समाजाला शाळा चालवायचा हक्क देतं, पण ती शाळा आधी आपण काढलेली हवी. तुझी शाळा सरकारी, म्हणून ती या दोहोंच्या मधल्या फटीत सापडलीय. ही फट बुजवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. शिक्षकांची टंचाई आहे. मधल्या सुट्टीत पोरं इंग्रजीत बोलतात म्हणून मास्तर हैराण असतात. कित्येक घरांत एकच पालक फ्रेंच असतो. काँगो, हैती, मोरोक्कोहून आलेल्यांची मुलं येतात म्हणून अनेक वर्ग भरलेले दिसतात, आणि ती मुलंही आता याच शाळांची झालीत.

तू एक कर. आजचा पट लिहितेस त्याच्या शेजारी दुसरी यादी कर: गावातली मराठी घरं, अंगणवाडीतली मुलं, आणि शिक्षक एकच म्हणून ज्यांनी पोरं इंग्रजी शाळेत घातली ते पालक. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास-देखरेख समितीच्या, बैठकीत ती वाचून दाखव, इतिवृत्तात नोंदवून घे, आणि आयांना बैठकीला बोलाव. विलीनीकरणाच्या परिपत्रकाची प्रत मला पाठव. कन्नडमध्ये असली तरी चालेल, मला अजून वाचता येतं.

तुझीच,
मंदा