अस्तनी गेली, निखारा कुठे ठेवावा?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात गेल्या पंधरवड्यात बंडखोर उमेदवारांविषयीच्या एका बातमीला ‘आस्तीनमधील साप’ असा मथळा होता. हा प्रयोग हिंदीत रूढ आहे. मराठीत त्या जागी ‘अस्तनीतला निखारा’ आहे. आस्तीन काय किंवा अस्तनी काय, बाही दोन्हीकडे आहे, आत दडलेली वस्तू मात्र निराळी. चूक किरकोळ आहे आणि तेवढ्यासाठी मी आपणांस पत्र लिहिले नसते. परंतु ज्या शाळेतून मी निवृत्त झालो तेथील दहावीच्या मुलांना तो अंक दाखवून अस्तनी म्हणजे काय असे विचारले, तेव्हा पस्तीस जणांपैकी एकालाही सांगता आले नाही आणि एका मुलीने फार विचार करून ‘अस्थी ठेवायची पिशवी’ असे उत्तर दिले. अंगरख्याच्या सैल बाहीत एखादी वस्तू दडवता येत असे, म्हणून त्या वाक्प्रचाराला अर्थ होता. हल्लीच्या शर्टाच्या बाहीत निखारा सोडाच, चिठ्ठीही राहत नाही. अंगरखा गेला, अस्तनी हा शब्द ओस पडला आणि रिकाम्या घरात शिरावा तसा साप तेथे शिरला. याचा दोष एकट्या आपल्या उपसंपादकांना देणे अन्यायाचे होईल.

माझे वडील दारव्हा तालुक्यातील एका गावात शिंपीकाम करीत. आमच्या घरी पुस्तके नव्हती, पण कपड्यांचे शब्द भरपूर होते आणि त्यांतील बहुतेक पुरुषांच्या कपड्यांचे होते, कारण बायकांच्या चोळ्या त्या काळी घरोघरी हाताने शिवल्या जात. वडिलांच्या हातची मुख्य वस्तू म्हणजे बंडी. मांजरपाट गजाने मोजून ते प्रथम जमिनीवर अंथरायचे, बराच वेळ नुसते पाहत बसायचे आणि मग बेतायचे. ‘बेताची परिस्थिती’, ‘बेत आखणे’ हे शब्द मी पुढे वर्गात शिकवले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते अंथरलेले कापड आणि कात्री उचलण्यापूर्वीचा तो वेळ असे. बंडीच्या बगलेत ते एक चौकोनी तुकडा तिरपा बसवीत, त्याला चौबगला म्हणत. तो नसेल तर डवरा, म्हणजे कोळपे, हाकताना किंवा कडब्याची पेंडी वर फेकताना हात उचलताच कापड बगलेत उसवते. आतल्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या बायकोलाही चटकन सापडू नये अशा जागी, चोरखिसा असे. मापे घेताना त्याची जागा गिऱ्हाईक तोंडाने सांगत नसे, बोटाने दाखवीत असे.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे, कारण आपले वाचक सर्व महाराष्ट्रात आहेत. आमच्या वऱ्हाडात बैलगाडीलाही बंडीच म्हणतात. साताऱ्याहून बदलून आलेल्या माझ्या एका सहकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात शाळेचा शिपाई येऊन ‘बंडी मोडली, म्हनून उशीर झाला’ असे म्हणाला, तेव्हा अंगातली बंडी फाटते, मोडते कशी, हा प्रश्न त्यांनी दिवसभर मनात बाळगला आणि संध्याकाळी भीत भीत मला विचारला.

माझ्या मते सर्वांत मोठी हानी पैशासंबंधीच्या शब्दांची झाली आहे. धोतराला खिसा नसतो. त्यामुळे बाजारला निघालेला माणूस चिल्लर कमरेशी धोतराच्या गुंडाळीत खोवायचा, तिला कनवटी म्हणत. नोट असेल तर खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकाला गाठ मारून ठेवायचा. ‘कनवटीला लावणे’, ‘गाठीला पैसा असणे’, ‘पदरमोड’, ‘पदराला खार लागणे’ हे सगळे प्रयोग बिनखिशाच्या कपड्यांतून आलेले आहेत. ‘गाठीले काही आहे का?’ असे वडील उधारीवाल्या गिऱ्हाइकाला विचारीत, तेव्हा ते खरोखर त्याच्या दुपट्ट्याच्या टोकाकडे पाहत. गाठ सोडायला वेळ लागतो आणि दात वापरावे लागतात, त्यामुळे पैसा खर्च होण्यापूर्वी माणसाला विचार बदलायला थोडी सवड मिळत असे, असेही ते म्हणत. अर्थात हे म्हणणाऱ्याची स्वतःची शिलाई त्या गाठीत अडकलेली असे, हे मी विसरलेलो नाही. सत्तरच्या दशकात टेरिकॉट खेड्यांत पोहोचले, तरुण मुले पँट शिवायला तालुक्याला जाऊ लागली आणि भाषेतही सर्व व्यवहार खिशात गेला: खिशाला कात्री, खिशाला परवडणारे, खिसा रिकामा. आता मोबाइलवरून पैसे देताना खिशाचीही गरज उरलेली नाही, तेव्हा या शब्दांचेही दिवस भरत आले असावेत.

काही प्रयोग मात्र अर्थ हरवूनही टिकून आहेत. शेतकऱ्यांनी आधुनिक तंत्रज्ञानाची कास धरावी, असे आपल्या कृषी पुरवणीत जवळजवळ प्रत्येक आठवड्यात छापले जाते. मुलांना कास म्हटले की गाईची कास आठवते आणि तंत्रज्ञानाचे दूध काढायचे असावे, असे त्यांना वाटते. कासोट्याशी, म्हणजे धोतराच्या मागे खोचलेल्या भागाशी, या शब्दाचे नाते आहे, असे मी वर्गात सांगत असे. ते समजावून देण्यासाठी एकदा मी धोतर नेसून शाळेत गेलो होतो. मुख्याध्यापकांनी त्याची गरज काय, असे विचारले होते.

हे कपडे पूर्वी हौसेचे नव्हते. गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरे तेव्हा धान्य आणि रोख रकमेबरोबर धोतर, बंडी, दुपट्टा आणि पायातला जोडा यांचीही बोली होत असे, आणि पोळ्याच्या दिवशी त्याच्या अंगावरचे कापड कोरे नसेल तर गावात मालकाचे नाव निघत असे. आमच्याकडचे मांजरपाट बहुतेक नागपूरच्या एम्प्रेस मिलचे असायचे. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली त्याच दिवशी, टाटांनी ही गिरणी सुरू केली, म्हणून तिचे नाव एम्प्रेस. त्या नावाच्या गिरणीच्या कापडाची बंडी घालून माणसे सेवाग्रामला गांधीजींना पाहायला जात आणि तिथून सूत कातण्याचा निश्चय करून परत येत, हे वडील हसत सांगायचे. त्यांतील काहींचा निश्चय चार दिवसही टिकत नसे.

आज धोतर उरले आहे ते लग्नात भाड्याने, निऱ्या शिवलेले, इलॅस्टिक लावलेले, आणि स्नेहसंमेलनात. गतवर्षी एका शाळेत गाडगेबाबांचे पात्र करणाऱ्या मुलाला असेच पांढरेशुभ्र, परीटघडीचे धोतर नेसवले होते. शेंडगावच्या ज्या माणसाला लोक त्याच्या अंगावरच्या ठिगळांमुळे चिंधेबुवा आणि गोधडेबुवा म्हणत, त्याला इस्त्री केलेले पाहून मला वाईट वाटले. टोपी-टॉवेलाचा आहेर अजून फिरतो, पण तो कोणी वापरत नाही. घडी न मोडता या घरातून त्या घरात जातो, आणि एका टोपीला मी माझ्याच हाताची शाईची खूण तीन वर्षांनी ओळखली. दुपट्टा तेवढा राजकीय पक्षांनी जिवंत ठेवला आहे. पूर्वी टोपी फिरवत, आता दुपट्टा बदलतात. त्यावरून नवा वाक्प्रचार अद्याप कसा झाला नाही, याचे आश्चर्य वाटते.

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, ज्याचे उद्घाटन १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते झाले, चरखे आणि खादी जपून ठेवलेली आहे. वस्तूला काच आणि कुलूप मिळते, शब्दाला मिळत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि आमच्याच भागात, रिद्धपूरला, मराठी भाषेचे विद्यापीठही झाले आहे. त्या विद्यापीठाने विद्यार्थ्यांना खेड्यांतील ऐंशीच्या पुढच्या शिंप्यांकडे पाठवावे, बंडी उलटी करून तिचा प्रत्येक भाग दाखवायला सांगावे आणि नावासह छायाचित्र घ्यावे, अशी माझी विनंती आहे. कोशात शब्द असतोच, पण चौबगला तिरपा का बसवतात हे हातात कापड घेतल्याशिवाय कळत नाही. आमच्या तालुक्यात असे दोनच शिंपी मला ठाऊक आहेत आणि त्यांतील एकाला आता दिसत नाही. मात्र कापड बोटाने चाचपून तो भाग ओळखतो.

आपणांकडे माझे मागणे लहान आहे. रविवारच्या पुरवणीत चार बोटांची जागा द्यावी आणि वऱ्हाडी व झाडीबोलीच्या वाचकांकडून असा एकेक शब्द, तो कपडा पाहिलेल्या माणसाच्या आठवणीसह, मागवावा. सुरुवातीसाठी माझ्या वहीतील चाळीस शब्द सोबत पाठवीत आहे. कनवटी आणि चौबगला यांची चित्रे मी हाताने काढली आहेत. ती छापताना उलटी होणार नाहीत, एवढे पाहावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ