‘तू माप बघ’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियंता दिनाच्या आपल्या पुरवणीतला लेख वाचला. सुरीनं भाजीही चिरता येते आणि गळाही, दोष सुरी करणाऱ्याचा नव्हे, असं लेखक म्हणतात. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं फौंड्री चालवली. सुरी बाजारातून कुणीही उचलतो. आमचा माल तसा नसतो. तो मागणीबरहुकूम ओततात, आणि मागणारा चहा पीत समोर बसलेला असतो.

जर्मनीत एर्फुर्ट गावी टोफ नावाची १८७८ सालची कंपनी होती. मूळ धंदा बिअरच्या कारखान्यांना लागणाऱ्या यंत्रांचा. प्रेतं जाळायच्या भट्ट्या हा जोडधंदा. त्या देशात १९३४ च्या कायद्यानं एका वेळी एकच देह जाळायचा, ज्याची रक्षा त्याची वेगळी राखायची, असा दंडक होता. आपल्या पंचगंगेच्या घाटावर शेणी रचताना हेच बघतात. सरण कुणाचंही असो, रक्षा ज्याची त्याच्या घरच्यांना मिळाली पाहिजे. टोफच्या कुर्ट प्रूफर या इंजिनिअरला हा दंडक कोळून प्यायल्यासारखा ठाऊक होता, कारण त्याच्या भट्ट्या त्यावरच बेतलेल्या होत्या. नाझींच्या छळछावण्यांसाठी त्यानं ज्या भट्ट्या काढल्या, त्यांत हा दंडक गळला. ऑशविट्झ छावणीच्या बिर्केनाऊ या भागातल्या दोन मोठ्या इमारतींत पाच-पाच भट्ट्या, प्रत्येकीला तीन कप्पे. एका कप्प्यात एकापेक्षा जास्त देह. रक्षा कुणाची, हा प्रश्नच उरला नाही. भट्टीचं काम करणाऱ्याला एवढ्यावरून गिऱ्हाईक काय करतंय ते कळतं. त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आणि प्रूफर काही एर्फुर्टला बसून नव्हता. ऑशविट्झला तो स्वतः अनेकदा जाऊन आला. तीन कप्प्यांची भट्टी आपण घरी, फावल्या वेळात बसून काढली, असं सांगून त्यानं मालकांकडे जादा पैसे मागितले. धुराड्याचं आतलं अस्तर ढासळलं तेव्हा चूक कुणाची आणि खर्च कुणी सोसायचा, यावर पत्रं गेली-आली. ही पत्रं मला सगळ्यात जास्त अंगावर येतात. तसली पत्रं मीही लिहिली आहेत, रिजेक्शनवर, ब्लो होलवर (ओतीव मालात राहिलेल्या हवेच्या पोकळीवर). भाषा तीच. जमिनीखालच्या, माणसं विषारी वायूनं मारायच्या खोल्यांतली हवा खेचायचे पंखे बसवायला याच कंपनीचा फिटर तिथं मुक्कामाला होता. लेखक म्हणतील, हुकूमशाहीत कोण काय करणार? पण या भट्ट्यांचा कंपनीच्या उलाढालीतला वाटा नगण्य होता. नाही म्हटलं असतं तर कारखान्याला टाळं लागलं नसतं.

प्रूफरचा वरिष्ठ फ्रिट्झ सांडर तर आणखी पुढचा. १९४२ साली त्यानं आपण होऊन, कुणी न मागता, अखंड चालणाऱ्या भट्टीच्या पेटंटसाठी अर्ज तयार केला. वरून प्रेतं घसरत खाली यायची, आणि जळणाऱ्यांच्या उष्णतेवर पुढची जळायची. इंधनाची बचत. मी ती रचना समजून घ्यायला बसलो आणि पहिल्या दोन मिनिटांत माझ्या मनात आलं, डोकं चांगलं चालवलंय. मग कागद बाजूला ठेवला. युद्धानंतर रशियनांनी धरल्यावर त्यानं जबानी दिली की विमान बनवणारा इंजिनिअर युद्धात जे करतो तेच मी केलं. आपल्या लेखकांची सुरी ती हीच.

टोफच्या ऑफिसातून बुखेनवाल्ड छावणीचा डोंगर दिसतो. आपल्याकडून जोतिबाचा दिसतो तसा. आता त्या इमारतीत स्मारक आहे. तिथं इंजिनिअरांची ड्रॉइंग टेबलं असायची.

आता माझं. वीसेक वर्षांपूर्वी एका पार्टीनं (नाव लिहीत नाही) ड्रॉइंग दिलं. खालचा कोपरा, जिथं पार्टचं नाव आणि असेंब्ली लिहितात, तो कापलेला. पोकळ, जाड भिंतीचा, नळकांड्यासारखा पार्ट. भाव चांगला, निम्मे पैसे आगाऊ. मी घेतलं. पहिला नग लेथवर चढवताना माझ्या टर्नरनं विचारलं, “मालक, हे कशाला लागतंय?” मी म्हणालो, “तुला काय करायचंय? तू माप बघ.” त्यानं माप बघितलं. सगळे नग पास झाले, एकही परत आला नाही. त्या पैशातून मी नवी भट्टी घेतली.

तो पार्ट पंपाचा असेल, कशाचाही असेल. मी विचारलं नाही एवढं खरं, आणि विचारायचं सुचलं नाही असंही नाही. तो टर्नर आता रिटायर झालाय, गंगावेशीत भेटतो. रामराम होतो, गुडघ्यांची चौकशी होते. त्या ड्रॉइंगचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, मीही नाही.

कळावे,
एक जुना फौंड्रीवाला, कोल्हापूर