फ्लॅट पर्वरीला घेतलाय, भाड्याने

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगून होणार नाही. बाबा 'बरं, बरं' म्हणत फोन आईकडे देतात, आई जेवलीस का विचारते, आणि विषय तिथेच राहतो. म्हणून लिहिते आहे. बाबा, आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका. तिला सगळं कळतं.

पुण्याच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि तो मंजूरही झाला. नवी नोकरी घरबसल्या करायची आहे, त्यामुळे पावसाच्या आत मी गोव्यात येते आहे. इथवर आई खूश असणार. पण राहणार पणजीजवळ पर्वरीला. तिथे छोटा फ्लॅट भाड्याने घेतलाय, डिपॉझिट भरून झालं.

आई, लगेच हिरमुसू नकोस. काकी विचारणारच, 'बाय गोव्यात आली आणि घरी का नाही?' तिला सांग, ड्युटी रात्री-अपरात्रीची आहे. ते खोटं नाही. गेल्या पावसात मी घरून काम करायला आले होते तेव्हा फणसाची फांदी तारेवर पडली, लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. इन्व्हर्टरने मध्यरात्रीच मान टाकली आणि मी रेंज शोधत, लॅपटॉप पदराखाली धरल्यासारखा धरून, देवळाच्या मंडपात जाऊन बसले. जुन्या नोकरीत तेवढं चालून गेलं. या नोकरीत चालणार नाही, आणि का ते बाबांना माझ्याहून जास्त समजेल.

मागच्या चवथीला गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीखाली ब्लॉकचेनवरून जे महाभारत झालं ते पुन्हा नको. एवढंच धरा की ती एक खातेवही असते, जिच्या प्रती हजारो संगणकांवर असतात आणि कोणा एकाला खाडाखोड करता येत नाही. अशा वह्या आता पुष्कळ झाल्या आहेत. इथेरियमची वेगळी, सोलानाची वेगळी, कॉसमॉस आणि पोल्काडॉटवाल्यांची तर कुटुंबंच आहेत. आणि एका वहीला दुसरीत काय लिहिलंय ते आपणहून दिसत नाही. मग इथले पैसे तिथे वापरायचे तर काय करतात? इथे रक्कम अडकवून ठेवतात, आणि ती अडकल्याचा पुरावा बघून तिथे तेवढ्याच रकमेची पावती काढतात. बाबा, हा तुमचा डिमांड ड्राफ्टच की हो! याला क्रॉस-चेन ब्रिज म्हणतात. मी त्यावर काम करणार.

शनिवारी अर्ध्या दिवसाला तुम्ही मला ब्रँचमध्ये न्यायचात ते आठवतं? बाहेरच्या शाखेचा ड्राफ्ट आला की तुम्ही लोखंडी कपाट उघडून सह्यांचं ते जाडजूड पुस्तक काढायचात, त्या मॅनेजरच्या सहीचं शेपूट बोटाने हवेत गिरवायचात, मग ड्राफ्ट ट्यूबलाईटसमोर उभा धरायचात. समोरचा माणूस घड्याळाकडे बघत चुळबुळतोय आणि तुम्ही ढिम्म. मला भारी लाज वाटायची. आता मला त्याच ढिम्मपणाचा पगार मिळणार आहे.

कसा, ते ऐका. फेब्रुवारी २०२२ मध्ये वर्महोल नावाच्या ब्रिजवरून १,२०,००० इथर, म्हणजे इथेरियमची नाणी, गेले, तेव्हाच्या भावाने ३२ कोटी डॉलरच्या घरात. सोलानाकडच्या प्रोग्रामला सह्या तपासल्याची नोंद एका ठरावीक जागी बघायची होती. पण ती जागा खरोखर सिस्टिमचीच आहे का, हे तो बघत नव्हता. चोराने आपली बनावट जागा पुढे केली. म्हणजे सह्यांचं पुस्तक काउंटरबाहेरच्या माणसाने आणून दिलं, आणि कारकुनाने त्यातच बघून ड्राफ्ट वटवला. पुढच्याच महिन्यात रोनिनचा ब्रिज फुटला, ६० कोटी डॉलरच्या वर गेले. तिथे ९ सहीवाले होते, त्यातल्या ५ जणांच्या सह्या पुरत. ४ एकाच कंपनीच्या हातात. पाचवी सही करायचा अधिकार दुसऱ्या संस्थेने गर्दीच्या दिवसांपुरता त्या कंपनीला दिला होता, तो कोणी काढूनच घेतला नाही. आणि बाबा, सहा दिवस कोणाला पत्ता नव्हता. एका गिऱ्हाइकाला पैसे काढता येईनात तेव्हा उघडकीला आलं. सहा दिवस टॅली नाही! तुम्ही तर थोडक्या पैशांच्या फरकासाठी शेवटची बस सोडायचात, आणि आई मला झोपवून तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसायची.

तर माझं काम हे, की इकडे अडकलेलं आणि तिकडे निघालेलं जुळतंय का ते सतत बघणारा प्रोग्राम लिहायचा. जुळलं नाही तर व्यवहार थांबवायचे आणि माणसं उठवायची. त्या उठणाऱ्यांत माझीही पाळी असणार. अशा वेळी 'जरा थांबा, फणस पडलाय' असं सांगता येत नाही.

एवढं शिकलीस कधी, असं आई विचारेल. रात्री. इथेरियमसाठी सॉलिडिटी ही प्रोग्रामिंगची भाषा लागते, सोलाना आणि पोल्काडॉटकडे रस्ट, कॉसमॉसकडे गो. पण नुसत्या भाषा येणारे ढिगाने आहेत. २०२१ च्या तेजीत जो तो सॉलिडिटी शिकत सुटला होता. कमी आहेत ते दोन्ही बाजूंचं वाचून मधली फट ओळखणारे. एकीकडे व्यवहार पक्का व्हायला किती वेळ लागतो आणि दुसरीकडे किती, एवढी एकच गोष्ट घ्या. बिटकॉइनवाले जपून चालायचं तर ६ ब्लॉक, म्हणजे वहीची ६ पानं, भरेपर्यंत थांबतात, साधारण तासभर. इथेरियमवर साधारण १३ मिनिटं लागतात, सोलानावर काही सेकंदं. त्याआधीच पलीकडे पावती काढली आणि इकडचा व्यवहार मागे फिरला, तर चेक वटण्याआधीच रोख मोजून दिल्यासारखं झालं. जाहिरातीत लांबलचक यादी असते, पण मुलाखतीत त्यांनी मला मुद्दाम खोड्या पेरलेला एक ब्रिज दिला आणि म्हणाले, 'तू चोर असतीस तर कुठून शिरली असतीस?' मग जुन्या नोकरीत बँकांचे हिशेब जुळवायचं जे सॉफ्टवेअर मी सांभाळत होते, त्यावर बराच वेळ बोलले. रस्टवर त्या मानाने थोडकं. दादा ज्याला 'सडलेलं काम' म्हणायचा तेच उपयोगी पडलं, हे त्याला सांगायला हरकत नाही.

बाबा, तुमची कात्रणं मिळाली. एफटीएक्स हे क्रिप्टोचं एक्सचेंज बुडाल्याचं लाल पेनने अधोरेखित केलेलंही बघितलं. तुमचं खरं आहे, या धंद्यात तेजी आली की माणसं पळवतात आणि मंदी आली की काढतात; २०२२ च्या शेवटी हेच झालं. माझी नोकरी कायमची आहे असं मी म्हणतच नाही. म्हणून वर्षभर पुरेल एवढी रक्कम एफडीत टाकली आहे, आजारपणाची पॉलिसी माझ्या नावावर घेतली आहे, आणि पीएफ मिळणार नाही त्याच्या बदली पीपीएफमध्ये भरते आहे. पगार सरळ बँकेत, रुपयांत. टोकन, म्हणजे क्रिप्टो नाणी, देत होते, मी नको म्हटलं. क्रिप्टोच्या नफ्यावरच्या ३० टक्के कराची चिंता तुम्ही करत होतात, ती करू नका, मी काही विकत घेतलेलंच नाही. नोकरी बनावट नाही ना, हेही विचारलंत. बरोबर विचारलंत. त्या रोनिनच्या चोरीत एका इंजिनिअरला बनावट नोकरीचं पीडीएफ पाठवून आत शिरले होते, असं बातम्यांत आलं होतं. म्हणून मी यांच्या माणसांना बंगळुरूला प्रत्यक्ष भेटले, मगच सही केली.

आता राहण्याचं. इमारतीला लिफ्ट आहे, आईच्या गुडघ्यांना त्रास नाही. जनरेटर आहे. इंटरनेटच्या दोन वेगवेगळ्या लाईन घेतल्या आहेत. पाववाला पोदेर सकाळी दाराशी येतो. उकडे तांदूळ खालच्याच दुकानात मिळतात, पेज रोज करीन, वचन. बांबोळीचं हॉस्पिटल घरापेक्षा इथून कितीतरी जवळ. बाबांची तपासणी असेल तेव्हा आदल्या दिवशी माझ्याकडे यायचं, पहाटेची कदंब बस पकडून धापा टाकत जायचं नाही. खोलीत तुमच्यासाठी मोठी खाट घेते आहे, मी हॉलमध्ये झोपेन. पाळी नसेल तो प्रत्येक शनिवार-रविवार मी घरी. चवथीची रजा आधीच मागून घेतली. तास-सव्वा तासाच्या अंतराला परगाव म्हणू नका, पुणं होतं तेव्हा तुम्ही एवढं वाईट वाटून घेतलं नव्हतं!

आई, मला माहीत आहे, घरातली माझी खोली तू आधीच झाडून ठेवली असशील. ठेव तशीच. पावसात लाईट गेली की तू मला तुझ्या जुन्या लुगड्याच्या वाकळीत गुंडाळून घ्यायचीस, आणि गडगडलं की म्हणायचीस, म्हातारी हरभरे भरडते आहे. अजून मोठी वीज कडाडली की माझा हात ती वाकळ चाचपतो. ती मी घेऊन जाणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आणि आता ऐका दोघांनी.

बाबा, रात्री कुळागरात, पोफळींच्या बागेत, पंप बंद करायला जायचं नाही. टायमर बसवायला माणूस सांगितला आहे, त्याला परत पाठवू नका. प्रेशरची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही. वाळपईला जाऊन उपाशीपोटी साखर तपासून घ्या, आणि तपासून झाल्यावर तिथल्या हॉटेलात मिरची-भजी खाऊ नका, मला कळतं. डीडीएसएसवायच्या, त्या सरकारी आरोग्य विम्याच्या, कार्डाची मुदत बघून ठेवा. आई, माटोळीचं सामान उतरवायला माळ्यावर चढायचं नाही, मी आल्यावर काढू. छातीत, डोक्यात कसंही झालं तर आधी १०८, मग मला फोन. दादाला शेवटी, तो घाबरतो.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं. मुलगी क्रिप्टोत आहे असं बाजारात सांगू नका. 'बँकांचं कॉम्प्युटरचं काम करते' एवढं पुरे. नाहीतर निम्मा वाडा कुठलं कॉइन घेऊ विचारायला येईल, आणि कोणी माझं नाव सांगून पैसे दुप्पट करून देतो म्हणाला तर दाराबाहेरूनच वाटेला लावा. मी स्वतः कधीही मेसेज करून पैसे किंवा ओटीपी मागणार नाही. माझ्या आवाजात कोणी फोन केला तरी नाही. ठेवा आणि तुम्ही मला उलटा फोन लावा.

सामानाचा टेम्पो आधी पर्वरीला जाईल, मग मी घरी येईन. जेवायला काही विशेष करू नकोस, आई. भाज्यांचं खतखतं केलंस तर खाईन.

तुमची,
बाय

ता. क. गादी पाठवू नका, घेतली आहे. कैरीचं मिस्कूट लोणचं मात्र द्या, मोठी बरणी. आणि बाबा, तुमच्याकडे जुन्या ड्राफ्टची एखादी रद्द झालेली कोरी प्रत असेल तर शोधून ठेवा, ऑफिसच्या पोरांना दाखवायची आहे.