तळ्यावर 'नाही' म्हणणारा एक माणूस द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नेरुळच्या तळ्यावरच्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा मोठा फोटो आपण छापलात. सगळा थवा एकदम उठलेला, पंखांखालचा लाल-काळा रंग दिसतोय, मागे इमारती. फोटो झकास आहे, कापून ठेवावा असा. पण ते पक्षी का उडाले हे खाली लिहिलेलं नव्हतं, ते मी सांगतो. त्या सकाळी मी तिथेच होतो. तुमच्या फोटोग्राफरचा दोष नाही, तो बिचारा अर्धा तास गप्प बसून होता. त्याच्या पलीकडे तीन पोरं होती, विशी-पंचविशीतली. त्यांना रील हवी होती आणि पक्षी आपले चिखलात माना घालून खात होते. खाणाऱ्या पक्ष्यांची रील कोण बघणार? एकाने दगड उचलला.

मी म्हटलं, "अरे, नको मारूस."

तो म्हणाला, "काका, तुम्ही कोण?"

दगड गेला, थवा उठला, त्यांची रील झाली आणि तुमचा फोटोही झाला.

मला राग दगडाचा आला, प्रश्नाचा नाही. प्रश्न तसा रास्त होता. मी कोण? एस.टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर. ३१ वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी ठाण्याच्या खोपट डेपोत. खांद्याला पिशवी आणि छातीवर बिल्ला होता तोवर "पुढे सरका" म्हटलं की अख्खी गाडी सरकायची. आता मी टोपी घातलेला म्हातारा, एवढंच. हे पत्र त्या बिल्ल्यासाठी आहे, पण त्याआधी जरा लांबून यावं लागेल.

मुलगी-जावई मेलबर्नला असतात. डिसेंबरात आम्ही दोघं तिकडे जाऊन आलो. जावयांनी एका दिवसाच्या सहलीची तिकिटं काढून ठेवली होती, तिथून जवळच्या फिलिप आयलंड बेटावर पेंग्विन बघायला. मी मनातल्या मनात डॉलरचे रुपये केले आणि म्हटलं, पेंग्विन तर आपण बघितलेत. राणीच्या बागेत, कोरियाहून २०१६ साली आणलेले, हंबोल्ट जातीचे. नातीला कडेवर घेऊन रांगेत उभं राहून बघितलेत, काचेपलीकडे, गारठ्यात. पण आमच्या हिने स्वेटरवरून हट्ट धरला. तेल सांडून माखलेल्या पेंग्विनांना तिकडे लोकरीचे स्वेटर घालतात आणि जगभरातल्या बायका ते विणून पाठवतात, असं तिने तिच्या विणकामाच्या ग्रुपवर वाचलं होतं. मला ती थाप वाटली होती. खरी निघाली. अंगावरचं तेल चोचीने काढताना ते पोटात जातं आणि पक्षी मरतो, म्हणून धुऊन काढेपर्यंत अंगात स्वेटर. एक तिथे मांडून ठेवला होता. हिने वितीने माप घेतलं आणि टाके मोजले. आमच्या नातीच्या बाहुलीला थोडा सैल झाला असता.

गाडी वीस-बावीस सीटची, दुपारी निघाली ती रात्री उशिरा परत. पेंग्विन सूर्य बुडाल्यावरच किनाऱ्याला लागतात आणि तिकडे त्या दिवसांत पावणेनऊपर्यंत उजेड असतो. ड्रायव्हर आणि गाइड एकच बाई, पन्नाशीची, तोंडापाशी माइक. कंडक्टर नाहीच. जुन्या सवयीने मी बाहेरचं कमी आणि तिचं काम जास्त बघत होतो. उतरताना डोकी मोजली, चढताना मोजली, बोट न दाखवता, नुसत्या नजरेने. ते जमायला वर्षं लागतात. एक जोडपं सात मिनिटं उशिरा आलं तर काही बोलली नाही. पुढच्या थांब्याला वेळ सांगताना मात्र त्यांच्याकडे बघून सांगितली, दोनदा.

बेटाच्या टोकाला नॉबीज म्हणून जागा आहे. कड्यावरून लाकडी पायवाट, खाली खवळलेला समुद्र आणि वारा असा की बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. दीड-एक किलोमीटर आत सील रॉक्स नावाचे खडक, त्यावर फर सीलची मोठी वसाहत. दुर्बिणीतून खडकाचा एखादा तुकडा हलला की तो सील समजायचा. पायवाटेच्या कडेला गवतात लाकडाची खोकी पुरलेली, ती पेंग्विनांसाठी केलेली घरटी. एका खोक्याच्या तोंडाशी राखाडी कापसाच्या गोळ्यासारखं पिल्लू बसलं होतं. मी कठड्यावरून वाकलो, आणखी वाकलो. बाईने माझ्यासमोर नुसता हात आडवा धरला. माझ्याकडे बघितलंही नाही, बोलत दुसऱ्याशी होती. मी मागे झालो. साठी उलटलेला माणूस, पण वाईट वाटलं नाही, कारण आडवा हात कसा धरायचा हे तिला येत होतं.

संध्याकाळी किनाऱ्यावर सोडण्याआधी तिने गाडी उभी केली आणि पाच मिनिटं, काय करायचं नाही तेवढंच सांगितलं. फोन नाही, कॅमेरा नाही, फ्लॅश तर नाहीच. उठून उभं राहायचं नाही, हाक मारायची नाही. आणि प्रत्येक 'नाही'चं कारण दिलं. हे पक्षी दिवसभर समुद्रात मासे धरतात आणि अंधाराची वाट बघतात, कारण उजेडात वाळू ओलांडताना गरुडासारखे शिकारी टिपतात. डोळ्यांवर झोत पडला की बुजून पाण्यात परततात आणि इकडे बिळात पिल्लू उपाशी. फोटो हवे असतील तर तिथल्या लोकांनी काढलेले फुकट मिळतात, ते घ्या, असंही म्हणाली. गाडीत कुणी हूं की चूं केलं नाही.

मग आम्ही पायऱ्यांवर बसलो. शेकडो माणसं, नाना देशांची, आणि तरी लाटांचा आवाज ऐकू येत होता. आधी पाण्याच्या कडेला नुसता एक काळा ठिपका. मग दहा-बारा. वीतभरापेक्षा थोडे उंच म्हणा, ३३ सेंटिमीटर, वजन किलोभर, जगातली सगळ्यात लहान पेंग्विन जात. पाठ निळसर. तो घोळका पाच-सहा पावलं वाळूवर आला, थबकला, पुढच्याला काहीतरी शंका आली, आणि सगळे वळून धावत पाण्यात. परत आले, परत गेले. फलाटावर गाडी लागायच्या आधी प्रवाशांचं होतं ना, एक उठला की सगळे उठतात आणि बोर्ड बघून परत बसतात, हुबेहूब तसं. तिसऱ्या खेपेला मात्र एकाने हिंमत केली आणि सगळी रांग पुढे वाकून, डुलत, वाळू तुडवत आमच्या पायऱ्यांच्या कडेने वर गेली. मी मोजत होतो. १४० वर सोडून दिलं. हिने माझा दंड धरला होता, तो सोडला नव्हता.

आमच्या पुढच्या रांगेत एकाने जॅकेटच्या आड फोन काढलाच. दोन मिनिटांत तिथला एक मुलगा आला, त्याच्या शेजारी उकिडवा बसला, कानात काहीतरी बोलला. फोन खिशात गेला. त्या मुलाच्या अंगावर नावाची पट्टी असलेलं जॅकेट होतं. त्याला कुणी विचारलं नाही, तू कोण.

परत येताना गाडीतळावर पाटी होती: निघण्याआधी गाडीखाली बघा, पेंग्विन असेल. आमच्या बाईने टॉर्च घेऊन खरंच वाकून बघितलं, चारही चाकांपाशी. आमच्या डेपोत गाडीखाली मांजरं झोपायची, तेव्हा आम्ही नुसता हॉर्न द्यायचो.

त्या किनाऱ्याची एक हकीकत तिने रात्री परतीच्या वाटेवर सांगितली, निम्मी गाडी झोपलेली असताना. पेंग्विनांच्या बिळांवर तिथे पूर्वी समरलँड नावाची वसाहत होती. १९२०च्या दशकात प्लॉट पडले, बंगले झाले, रस्ते झाले. कुत्री, मोटारी, बाहेरून आलेले कोल्हे यांनी पक्षी घटत गेले. १९८५ साली व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारने ठरवलं की सगळे प्लॉट, सगळी घरं विकत घ्यायची, पाडायची आणि जमीन पक्ष्यांना परत द्यायची. शेवटची मालमत्ता घ्यायला २०१० उजाडलं. पंचवीस वर्षं, मधे किती सरकारं बदलली असतील, पण निर्णय बदलला नाही. आमच्या इथल्या पाम बीच रोडच्या बाजूला कोण कुणाची जमीन कशासाठी घेतं ते मी इथे लिहीत नाही, आपल्या पेपरात रोज असतंच.

मला तेवढं मोठं काही मागायचंच नाही. मी नेरुळला राहतो, आणि भरतीचं वेळापत्रक आता मला एस.टी.च्या वेळापत्रकासारखं पाठ आहे. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा रोहित तिथे चरतात. भरतीने चिखल बुडाला की थवे उठून नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांवर येतात, तिथे उभे राहतात, खातात, झोपतात, आणि ओहोटीला परत खाडीत. म्हणजे तळं हा त्यांचा थांबा आहे. थांब्यावर बसलेल्या प्रवाशाला उगाच कुणी उठवत नाही. शिवाय यातले कित्येक उन्हाळ्याच्या शेवटी गुजरातकडे जाणारे. त्या प्रवासाचा शिधा इथेच अंगावर साठवायचा असतो, आणि दर रीलमागे त्यातला थोडा उडून जातो.

कागदावर आपलं सगळं बरं चाललंय. २०१५ मध्ये खाडीला रोहित अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेलं. आमच्या तळ्याला भरतीचं पाणी येण्याची वाट बुजली, ते आटलं आणि २०२४ मध्ये तिथे मेलेले रोहित सापडले. त्यावर ओरड झाली आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने ते संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. आनंद आहे. शहराला फ्लेमिंगो सिटी म्हणतात, चौकाचौकांत त्यांचे पुतळे आहेत. त्या पुतळ्यांना दगड मारला तर बहुधा लगेच कुणीतरी धरेल.

ऐरोलीहून वनखात्याची बोट सुटते, तिचा अनुभव मात्र चांगला आहे. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. गळ्यात लाइफ जॅकेट, दोन्ही बाजूंना कांदळवन, आणि सांगायला कोळीवाड्यातला एक तरुण. मोठा रोहित आणि छोटा रोहित वेगळा कसा ओळखायचा (छोट्याची चोच गडद, जवळजवळ काळसर लाल, मोठ्याची गुलाबी, फक्त टोक काळं), गुलाबी रंग खाण्यातून कसा येतो, हे त्याने छान सांगितलं. थव्याच्या बऱ्याच अलीकडे बोट थांबवली. एक गृहस्थ उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, पक्षी उठावेत म्हणून. तो पोरगा बोलायचा थांबला. नुसता बघत राहिला. बोटीतले बाकीचे त्या गृहस्थांकडे बघायला लागले आणि ते बसले. फिलिप आयलंडच्या बाईचा आडवा हात आणि या पोराचं गप्प होणं, दोन्ही एकाच जातीचं कसब. म्हणजे अशी माणसं आपल्याकडे आहेत. बोटीत आहेत, तळ्यावर नाहीत, एवढंच.

तर मागणी अशी. नोव्हेंबर ते मे, शनिवार-रविवार, भरतीच्या आगेमागे दोन-दोन तास, तळ्याच्या काठावर दोन माणसं नेमा. करावे आणि सारसोळे गावांतली पोरं घ्या; त्यांच्या बापजाद्यांनी ही खाडी आपल्या सगळ्यांच्या आधी बघितली आहे. ऐरोलीच्या त्या तरुणाकडे त्यांना पंधरा दिवस शिकायला पाठवा. दुर्बीण एक पुरे. येणाऱ्याला पक्षी दाखवावा, नाव सांगावं, आणि दगड, टाळी, ड्रोन, मोकळं सोडलेलं कुत्रं दिसलं की नाही म्हणावं, कारण देऊन. सेल्फी पॉइंट, कारंजं, झगमगते दिवे यांतलं काहीही कृपा करून करू नका. दिव्यांचं तर नावच नको.

पैसे नाहीत असं उत्तर येईल, ते मी गृहीत धरलंय. मग पोरं नेमली जाईपर्यंत रविवारची सकाळ माझ्याकडे द्या. मानधन नको, चहाही मी घरून आणीन. ही स्वेटर विणायला बाकावर येऊन बसेल, तेवढीच दोन माणसं झाली. फक्त छातीवर लावायला काहीतरी द्या, ज्यावर कुठल्या तरी खात्याचं नाव असेल. माझा जुना बिल्ला निवृत्तीच्या दिवशी डेपोत जमा केला, नाहीतर तोच लावून उभा राहिलो असतो.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त एस.टी. कंडक्टर, नेरुळ, नवी मुंबई