स्वतःला जपा म्हणे, पण रिलिव्हर कोण देणार?

मा. संपादक,
स.न.

कालच्या पुरवणीत नर्स, डॉक्टर, समुपदेशक वगैरे मंडळींनी स्वतःला कसं जपावं यावरचा लेख वाचला. लेखिकेचा हेतू चांगला असणार, शंका नाही. पण पहाटे रंकाळ्याला एक फेरी मारा म्हणे! बाई, पहाटे आम्ही नाईटच्या नर्स शुगर तपासत आणि सलाइन बदलत असतो, पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती (ओव्हर) देऊन बाहेर पडेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि घरी भांडी वाट बघत असतात. वर आवडीचं संगीत आणि डायरी. लई भारी.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवतोय का? शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, माझ्या जागी ड्युटीला येणारी रिलिव्हर आंबेवाडीची, तिचंच घर पाण्यात, मग ती येणार कशी. जे वॉर्डात होते तेच राहिले, डबल ड्युटी वगैरे शब्दच उरला नाही. त्याबद्दल तक्रार नाही, तेव्हा सगळं कोल्हापूरच राबत होतं. तक्रार पुढचीच आहे. पाणी उतरल्यावर आमच्या हॉस्पिटलनं (नाव नको) आमच्यासाठी ताणमुक्ती शिबिर ठेवलं, तेही आमच्या ऑफच्या दिवशी, आणि सही नसेल तर गैरहजेरी! पाहुणे म्हणाले, डोळे मिटा आणि संथ वाहणाऱ्या नदीच्या काठी बसलाय अशी कल्पना करा. शेजारी आंबेवाडीची बसलेली, घरातला चिखल अजून निघाला नव्हता तिच्या. ती उठून बाहेर गेली तर मेट्रननं तिलाच झापलं.

त्याच २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं बर्नआउट (कामानं पार थकून जाणं) म्हणजे आजार नव्हे, कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला नाही की हे होतं, असं सांगितलं. म्हणजे हाताळायचा कुणी? इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात मेडिकल कॉलेज नसलेल्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डला पाच पेशंटमागे एक नर्स आणि वर रजांसाठी तीस टक्के जादा स्टाफ धरलाय. ते तीस टक्के कुठं दिसले तर कळवा, मी रजेचा अर्ज घेऊन येते. रात्री अख्ख्या वॉर्डाला दोघी असताना एकीनं बाथरूमला जायचं तरी दुसरीला विचारावं लागतं, तिथं श्वासाचे व्यायाम कधी करायचे?

आमच्या जुन्या इनचार्ज सिस्टरांनी कधी ताणावर भाषण दिलं नाही. हातातली फाइल काढून घ्यायच्या, "जा, आधी डबा खा, पेशंट मी बघते." पेशंट गेला तर त्या दिवशी त्या बेडजवळचं काम दुसरीला द्यायच्या आणि आम्हाला स्टोअरची मोजदाद करायला बसवायच्या, तिथं रडलं तरी कुणी बघायचं नाही. आणि ड्युटी संपली की घरी हाकलायच्या, "फोन उचलू नको" म्हणून बजावून. हे छापा की एखाद्या पुरवणीत. लेखात एकदा तरी मॅनेजमेंटला दोन शब्द सुनावले असते तर हे पत्र लिहिलंच नसतं.

आणि हो, १२ मेच्या नर्सेस डेचा फोटो छापताना केक कापणारे ट्रस्टी पुढं आणि नर्सेस मागं, निम्म्या तर कापलेल्या, असं दरवर्षी का होतं? यंदा फोटोग्राफरला जरा मागं सरकायला सांगा.

आपली,
एक स्टाफ नर्स, राजारामपुरी, कोल्हापूर
(नाव छापू नये, उद्या नाईट आहे)