बेत छापता, तर माप आणि वेळही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवण्यांमध्ये पाहुण्यांसाठी खास बेत सुचवणारे मजकूर वरचेवर येतात. त्यात दहा-बारा पदार्थ असतात आणि प्रत्येकाची कृती चार माणसांची. कोणता पदार्थ आदल्या दिवशी करून ठेवायचा आणि कोणता शेगडीवरून थेट पानात वाढायचा, याबद्दल एक ओळही नसते. मग घरातलं माणूस त्या कृतीला तीनाने गुणतं, सकाळी सहापासून राबतं आणि पाहुणे येतात तेव्हा कढईपाशी घामाघूम उभं असतं. आम्ही दोघी घरगुती जेवणाच्या ऑर्डरी करतो. बारा माणसांचं जेवण दोन शेगड्यांच्या ओट्यावर निवांत होतं, मात्र बेत ठरवताना आधी शेगडी आणि घड्याळ बघावं लागतं. पदार्थांची संख्या नंतर.

हल्ली सकाळी अकरा-साडेअकराला बोलावण्याची पद्धत इंदूरला चांगलीच रुळली आहे. पण आपल्या गावात रविवारी आठला पोहे-जिलबी खाल्ल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. 'ब्रंचला या' एवढंच सांगितलं तर निम्मी मंडळी नाश्ता करून येतात आणि केलेलं अर्धं उरतं. म्हणून निरोप देतानाच 'नाश्ता करू नका, साडेअकराला पानं वाढतो' असं स्पष्ट सांगावं. त्याच फोनवर उपास, मधुमेह आणि कांदा-लसूण यांचीही चौकशी करावी. सध्या चातुर्मास आहे. कांदा, लसूण आणि वांगं न खाणारं एखादं तरी माणूस निघतंच, तेव्हा ही तिन्ही बेतातून सरळ वगळणं सोपं. ज्यांना हवा त्यांच्यासाठी चिरलेला कांदा वेगळ्या वाटीत ठेवावा.

या दिवसांसाठी आम्ही सुचवू तो बेत असा: भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) कीस, मटकीची उसळ, मसालेभात, पुऱ्या, काकडीची कोशिंबीर, हिरवी चटणी, श्रीखंड आणि मठ्ठा. यात पोहे मुद्दाम नाहीत. कीस आणि पोहे दोन्ही मऊ, दोन्ही फोडणीचे, दोन्हींवर लिंबू-कोथिंबीर. एका ताटात ते एकमेकांची चव खातात. दाल-बाफले (वरण आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे) हेही मुद्दाम नाहीत. ते स्वतःच पूर्ण जेवण आहे, त्याच्या जोडीला मसालेभात आणि पुऱ्या करू नयेत. कीस, भात आणि श्रीखंड असे तीन मऊ पदार्थ झाले की ताटात काहीतरी कुरकुरीत हवं, म्हणून पुरी आणि सोबत तळलेली कुरडई. आणि ऐनवेळी कढईतून ताटात जाणारा पदार्थ एकच असावा. इथे तो पुरी. भजी, वडे, गरम जिलबी यांतलं आणखी काही वाढवलं की एक माणूस पूर्ण वेळ तेलापाशी अडकतं.

प्रमाण वाढवताना मीठ सरळ तिप्पट होतं, पण तेल, हिंग आणि पाणी होत नाही. चार माणसांच्या फोडणीला तीन चमचे तेल लागत असेल तर बारांना सहा-सात पुरतं. हिंग दुप्पट बास. मोठ्या पातेल्यात पदार्थाच्या मानाने वाफ कमी उडते, त्यामुळे पाणी तिप्पट घातलं की भाताचा गोळा होतो आणि उसळीचा रस्सा. भांड्याचा विचारही आधीच करावा. कढई दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरत असेल तर पदार्थ दोन घाण्यांत करावा, कारण भरलेल्या कढईत परतलं जात नाही, नुसतं वाफवलं जातं.

आता कीस. बारा माणसांना बारा मध्यम देशी भुट्टे. नख रोवल्यावर दुधासारखा चीक यावा. चीक पाण्यासारखा आला तर दाणा कोवळा, आलाच नाही तर भुट्टा जून, आणि जून भुट्ट्याचा कीस कितीही शिजवला तरी दाताखाली रवाळ राहतो. स्वीट कॉर्न अजिबात घेऊ नये. त्यात साखर आणि पाणी जास्त, पीठ कमी, त्यामुळे कीस गोड आणि पचपचीत होतो. भुट्टे त्याच सकाळी किसावेत. रात्री किसून ठेवले तर पाणी सुटतं आणि आंबूस वास येतो. जाड बुडाच्या कढईत शंभर ग्रॅम तूप, मोहरी, जिरं, हिंग, सात-आठ हिरव्या मिरच्यांचं वाटण, अर्धा चमचा हळद, आणि मग कीस. इथून पुढची बारा-पंधरा मिनिटं दुधाला हात लावायचा नाही. मध्यम आचेवर लाकडी उलथन्याने बूड खरवडत परतत राहायचं. आधी कीस कढईला चिकटतो, मग हळूहळू गोळा होऊन कडा सोडतो, रंग गडद होतो, कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजलेल्या मक्याचा वास सुटतो आणि कडेला तूप दिसू लागतं. तेव्हाच गरम दूध घालावं, सहाशे मिलिलिटर, तीन वेळा थोडं थोडं. बहुतेक घरांत कीस बिघडतो तो इथे. चिकटतोय म्हणून घाबरून पाचव्या मिनिटालाच दूध ओततात, मग वरून शिजलेला दिसतो पण जिभेवर खळीसारखा लागतो. दूध गार असलं तर गुठळ्या होतात. दूध घातल्यावर मीठ, चमचाभर साखर आणि मंद आचेवर दहा मिनिटं. लिंबू गॅस बंद केल्यावरच, नाहीतर दूध फाटतं. वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. जीरावन (पोह्यांवर घालतात तो इंदुरी मसाला) ताटात वाढल्यावर भुरभुरावा, कढईत घातला तर कीस काळपट पडतो. निवल्यावर कीस घट्ट होतो, म्हणून आधी करून ठेवला तर थोडा सैल ठेवावा आणि वाढताना अर्धी वाटी गरम दुधावर पुन्हा हलवून घ्यावा.

श्रीखंडाचं काम शनिवारीच उरकलं पाहिजे. दोन लिटर मलईदार दुधाचं दही शुक्रवारी रात्री विरजावं. शनिवारी सकाळी ते मलमलच्या कापडात बांधून चाळणीत ठेवावं, खाली पातेलं, वर वजन, आणि हे सगळं फ्रिजमध्ये सात-आठ तास. आपल्याकडच्या दमट हवेत खुंटीला टांगलेलं दही दुपारपर्यंत आंबतं. मग ते झाकायला साखर वाढवली की श्रीखंड नुसतं गोड होतं, आंबटपणा जात नाही. एवढ्या दह्याचा साधारण आठशे ग्रॅम चक्का निघतो. त्याला सहाशे ग्रॅम साखर. साखर मिसळून तासभर झाकून ठेवावी आणि मग पुरणयंत्रातून काढावं. साखर घातल्यावर ते आधी पातळ दिसतं. घाबरू नये, रात्रभर फ्रिजमध्ये पुन्हा आळतं. केशर चमचाभर कोमट दुधात खलून घालावं, जायफळ अगदी थोडं. खाली जमलेलं पाणी टाकू नये, मठ्ठ्यात घालावं. मठ्ठ्यासाठी लिटरभर दही वेगळं लावायला मात्र विसरू नये.

मटकी चारशे ग्रॅम. गुरुवारी रात्री भिजवावी, शुक्रवारी सकाळी उपसून बांधावी. या हवेत शनिवार सकाळपर्यंत मोड येतात. अर्धा इंच झाले की फ्रिजमध्ये, नाहीतर बुळबुळीत होते आणि वास येतो. कुकरला लावू नये, पातेल्यात झाकणावर पाणी ठेवून पंधरा मिनिटांत शिजते. आमसूल आणि गूळ ती बोटाने दबल्यावरच घालावेत, कारण आंबट आधी पडलं की दाणा टणक राहतो.

मसालेभाताला सहाशे ग्रॅम तांदूळ पुरे, पुऱ्या आहेत म्हणून. ग्वाल्हेरकडचा कालीमूंछ मिळाला तर उत्तम, पण जुना बघून घ्यावा. तांदूळ अर्धा तास आधी धुऊन निथळत ठेवावा. पाव किलो तोंडली उभी चिरून, तीन चमचे गोडा मसाला, आणि तीन वाट्या तांदळाला साडेपाच वाट्या उकळतं पाणी. पाणी आटून वर भोकं दिसली की पातेलं तव्यावर ठेवून मंद आच, आणि तिथून पुढे चमचा घालायचा नाही. दाणा शिजत असताना ढवळला की तुटतो आणि भात चिकट होतो. शिजलेला भात दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नये.

कोशिंबिरीची काकडी चोचवून पिळून ठेवावी. दही, दाण्याचं कूट आणि मीठ वाढण्याच्या पाच मिनिटं आधी. आधी मीठ घातलं की ती पाण्यात पोहते.

पुऱ्यांसाठी एक किलो कणीक, चार चमचे बारीक रवा, चार चमचे गरम तेलाचं मोहन. पाणी साडेचारशे मिलिलिटरपासून सुरू करावं आणि घट्ट भिजवावं. पंचावन्न ते साठ पुऱ्या होतात, माणशी चार-पाच. लाटताना पिठी लावू नये. ती तेलात जळून तळाशी बसते आणि विसाव्या पुरीनंतर सगळ्या पुऱ्यांवर काळे ठिपके येतात. पोळपाटाला तेलाचं बोट पुरतं. लाटलेल्या पुऱ्या ओल्या फडक्याखाली ठेवाव्यात, कारण वरचा पापुद्रा वाळला की तो ताणला जात नाही आणि आतली वाफ कडेच्या भेगेतून निघून जाते. पुरी न फुगण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे, कणकेला उगाच दोष दिला जातो. तेलात कणकेचा कण टाकल्याबरोबर वर आला पाहिजे. तो तळाशी रेंगाळला तर पुरी तेल पिते. एकाने लाटायचं आणि एकाने तळायचं, म्हणजे पंचवीस मिनिटांत काम उरकतं.

रविवारी सातला भुट्टे किसायला घ्यावेत, तोवर दुसऱ्या शेगडीवर उसळ. आठला कीस चढवावा आणि नऊपर्यंत तो उतरला की तूप-मसाल्याची भांडी घासून ओटा मोकळा करावा. मग साडेदहापर्यंत चटणी वाटावी आणि मठ्ठा घुसळावा. साडेदहाला भात, त्याच वेळी कणीक. पावणेअकराला कुरडया तळून डब्यात बंद. अकराला पहिल्या पंधरा पुऱ्या लाटून ठेवाव्यात. सव्वाअकराला कीस आणि उसळ मंद आचेवर, आणि पाहुणे हात धुवायला उठले की शेगडी मोकळी करून तेल तापवावं. कुणी उशिरा येणार असेल तर त्याच्या वाटणीची कणीक झाकून बाजूला ठेवावी. तळलेल्या पुऱ्या त्याच्यासाठी राखू नयेत, अर्ध्या तासात त्या वातड होतात.

आपल्या पुरवणीत पुढचा बेत छापाल तेव्हा प्रत्येक पदार्थापुढे तीन गोष्टी द्याव्यात, अशी विनंती आहे: दहा माणसांचं माप, भांड्याचा आकार आणि तो किती तास आधी करता येतो. जागा कमी पडत असेल तर पदार्थ कमी छापावेत.

आपल्या वाचक,
राजेंद्रनगर, इंदूर